गाळातल्या बरण्या

हेटीला जाग आली तेव्हा तिचं कपाळ लाकडी भिंतीला टेकलेलं होतं आणि उशी कुठेतरी पायांपाशी गेली होती. किटली शेगडीवरून घसरून फळीच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. सगळी बोट एका कुशीवर कलली होती. पण हेटीला धसका बसला तो ह्यातल्या कशाचाच नाही. आवाज नव्हता. जन्मभर जो आवाज झोपेच्या खाली चालू असतो, लोखंडाच्या अंगाला पाणी हळू हळू थोपटत असतं तो, तोच नव्हता.

तिनं मागचं दार ढकललं. दार वर उघडल्यासारखं उघडलं. बाहेर पाहिलं आणि ती उंबऱ्यातच खिळून राहिली.

कालव्यात पाणी नव्हतं.

काल संध्याकाळी काठाबरोबर भरलेला, तिच्या कंदिलाचा उजेड अंगावर घेऊन झोपलेला कालवा सकाळी नुसता एक लांबच लांब काळा चर होता. गाळ चकाकत होता. मध्यावरून पाण्याची एक बारीक रेघ वाट चुकल्यासारखी वाहत होती. आणि दोन्ही लॉकच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दरवाज्यांच्या, मधल्या त्या पट्ट्यात हिवाळ्याला बांधलेल्या सगळ्या बोटी, रंगवलेल्या, नटवलेल्या, गुलाबांच्या आणि किल्ल्यांच्या चित्रांनी सजलेल्या, मेळा उधळल्यावर टाकून दिलेल्या खेळण्यांसारख्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या.

तिला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत आणि हे विल्फला सांगायला हवं. मग आठवलं, सांगायला विल्फ नाही.

"दोर सोड, हेटी," शेजारच्या बोटीवरून क्लेम ओरडला. रात्रीच्या कपड्यांवर कोट, पायांत दोन वेगवेगळे बूट. "आधी दोर सोड, मग काय ते बघत बस."

तिची बोट, टिटवी तिचं नाव, पुढच्या दोराला लटकून होती. पाणी गेलं की आधी दोर ढिला करायचा, नाहीतर बोट टांगल्यासारखी राहते आणि पाणी परत आलं की त्याच अंगानं बुडते. हे कालव्यावरच्या पोराबाळांनाही माहीत असतं. हेटी काठावर उतरली. गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. बोटं बधिर, थंडीनं की धक्क्यानं कोण जाणे. गाठ सुटली तेव्हा टिटवी एक लांब सुस्कारा टाकून गाळात बसली.

मग जो तो काठच्या पायवाटेवर येऊन उभा राहिला. उघडा पडलेला तळ बघताना, कुणाला तरी कपड्यांवाचून बघितल्यासारखं सगळ्यांनाच अवघडल्यागत झालं. सायकली होत्या. दुकानातली एक ढकलगाडी होती. लॉकच्या झडपा उचलायची हँडलं तर इतकी, की क्लेमनं वरूनच आपली ओळखायला सुरुवात केली.

"हे माझं. तेही माझंच. आणि पाणी बघा किती होतं, कमरेएवढंसुद्धा नाही," तो म्हणाला. "उभा जन्म ह्या डबक्यावर काढला मी, आणि गावातल्या लोकांना सांगत फिरतो की मी खलाशी आहे."

दोघं तिघं हसले. पण ते हसू लगेच विरलं, कारण प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो कुणीतरी विचारलाच. काल शेवटी लॉकमधून कोण आलं? खालच्या लॉकची झडप जरा जरी उघडी राहिली तरी रात्रभरात सगळं पाणी निघून जातं. कालव्यावर ह्याहून मोठी चूक नाही. चोरी लोक विसरतात, हे विसरत नाहीत.

सगळ्यांच्या माना वळल्या. रांगेच्या टोकाला डोमकावळा उभी होती, पेगची कोळशाची बोट. काल दिवेलागणीला तीच शेवटची आली होती, खालून वर. पोत्यांच्या वजनानं ती इतरांपेक्षा जास्त कलली होती. पेग डेकवर उभी राहून फावड्यानं कोळसा उंच बाजूला लोटत होती. तिनं मान वर केली नाही.

"विसरली असेल," हेटी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सवयच आहे तिला."

फावडं क्षणभर थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

क्लेमनं हेटीकडे बघितलं नाही. तो आपल्या वेगवेगळ्या बुटांकडे बघत राहिला.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट होती ती. पेग नुसता कोळसा आणत नसे. डिझेल, गॅस, पाव, टपाल, गावातल्या दुकानातून कुणाची औषधं, जे ज्याला हवं ते डोमकावळ्यावरून यायचं. कालवा म्हणजे एकच लांब गल्ली, आणि पेग त्या गल्लीतून दर आठवड्याला जाणारी. तिच्या इंजिनाची धकधक लांबून ऐकू आली की माणसं किटल्या चढवत. विल्फच्या हृदयाच्या गोळ्याही तीच आणायची. त्या वर्षी बर्फ पडलं ते असं, की कालवा काचेसारखा गोठला. डोमकावळा खालच्या पुलापाशी अडकली. विल्फची शेवटची पट्टी संपली, पेग येईना. एका सकाळी तो लाकडं फोडायला काठावर उतरला आणि हातातली कुऱ्हाड न सोडता खाली बसला. बसला तो बसलाच.

बर्फ फुटल्यावर पेग आली, कागदी पिशवी हातात धरून. तेव्हा हेटीनं ह्याच पायवाटेवर, सगळ्यांच्या समोर, तिला म्हटलं होतं: "कोळसा विकायला बर्फ आड येत नाही, माझ्या माणसाच्या गोळ्यांना तेवढं आलं." पेगनं पिशवी जमिनीवर ठेवली आणि ती निघून गेली.

त्यानंतर हेटीनं डोमकावळ्यावरचा एक तुकडा कोळसा जाळला नाही. विल्फच्या हातगाडीवरून गावातून पोती ओढत आणायची, अंगात बळ नसलं तरी. कधी कधी टिटवीच्या छपरावर एखादं पोतं आपोआप येऊन पडलेलं असे. क्लेम शपथेवर सांगायचा की ते त्यानं गावातूनच आणलंय. पोत्यावर पेगच्या गाठीची खूण असायची. हेटी ती गाठ न बघता कापायची.

दुपारच्या आत कालव्याचा माणूस आला, गुडघ्यापर्यंत बूट घालून, वैतागलेला. खालच्या लॉकशी जाऊन बराच वेळ वाकून बघून तो परत आला आणि म्हणाला, कुणाचा दोष नाही. झडप पाडलेलीच होती. खाली एक फांदी अडकली म्हणून बोटभर फट राहिली, वरून बघून कुणालाच कळली नसती. फांदी काढलीय, आता वरच्या लॉकमधून पाणी सोडतो, पण हळू. घाईनं सोडलं तर गाळात रुतलेल्या बोटी उठायच्या आधी भरतील. सगळ्यांनी आपापले दोर धरून उभं राहायचं.

हे ऐकून क्लेमनं हेटीकडे बघितलं. ह्या वेळी सरळ. हेटी आत गेली आणि तिनं किटली उचलून जागेवर ठेवली. किटली पुन्हा घसरली.

चहा काही जमला नाही. कालचा गाळलेला चोथा टाकायला तिनं बाजूची खिडकी उघडली. हीच ती खिडकी, जिच्याशी विल्फ रोज सकाळी बसायचा. बदकं यायची तेव्हा, त्यांना तो पावाचे तुकडे घालायचा, त्यांच्याशी भांडायचा, एकाला तर नावानं शिव्या द्यायचा. चोथा खाली गाळावर पडला, आणि त्याच्याच बाजूला तिला पिवळं काहीतरी दिसलं. पिवळ्यावर लाल.

गुलाब होता. तिच्या हातचा गुलाब. दर हिवाळ्यात ती कडू संत्र्यांचा मुरंबा घालायची आणि बरण्यांच्या झाकणांवर बोटीवर काढतात तसा एकेक गुलाब रंगवायची. पिवळी झाकणं विल्फच्या शेवटच्या वर्षीची. त्या वर्षी बरण्या मोजल्या की सारख्या कमी निघायच्या. मुरंबा खाऊन बरण्या परत देत नाहीस म्हणून तिनं क्लेमला किती बोलून घेतलं होतं, आणि तो बिचारा म्हणायचा, बाईसाहेब, मला कडू आवडत नाही, तुम्ही बोलता तेवढं पुरतं.

आणि ह्या इथे पडल्या होत्या. एक, पलीकडे दुसरी, आणखी एक अर्धी रुतलेली. खिडकीच्या बरोबर खाली.

हेटीला आधी रागच आला. चांगल्या बरण्या. तिनं छपरावरून आकडीचा लांब बांबू काढला, खिडकीतून खाली घातला, आणि जवळची बरणी ओढत ओढत वर घेतली. वजनदार लागली. मुरंबाच असणार, तसाच्या तसा. फडक्यानं गाळ पुसला. झाकण हटेना. तिनं ते शेगडीवर धरलं, तापवलं, पिळलं.

आत मुरंबा नव्हता. आत एक लोखंडी नट होता, बोटीच्या इंजिनाचा, जाड. आणि पांढऱ्या गोळ्या.

कोरड्या. काल भरल्यासारख्या. विल्फच्या गोळ्या, मधोमध चीर असलेल्या, ज्या ती रोज सकाळी बशीत ठेवायची आणि ज्यांची रिकामी पट्टी तो दर रविवारी तिच्यासमोर धरून म्हणायचा, "संपवल्या बघ, सरकार."

हेटीनं बरणी टेबलावर ठेवली. टेबल कललं होतं. बरणी घसरली, तिनं धरली, पुन्हा ठेवली, पुन्हा धरली. काहीच कळत नव्हतं आणि सगळं एकदम कळत होतं. तिचे हात हातांचं काम करत होते, पण कुणाचे होते ते.

डॉक्टरनं म्हटलं होतं, ह्या गोळ्यांनी गुंगी येईल, सुकाणू धरू नका. सुकाणू नाही तर बोट नाही. बोट नाही तर गावात, पायऱ्यांच्या घरात, खिडकीखाली रस्ता. विल्फ त्या दिवशी परत येताना एक शब्द बोलला नव्हता. पुढे महिनाभर तो पेंगुळलेला, हरवलेला असायचा. मग एकदम सुधारला. त्या पानगळीत तो दिवसच्या दिवस सुकाणूशी उभा राहायचा आणि गायचा, ते त्याचं नेहमीचं,

पाण्याच्या वाटेला, धूळ नाही, खूण नाही
गेला त्याच्या मागं मागं, लाटसुद्धा येत नाही

आणि हेटी आतून म्हणायची, गोळ्या मानवल्या हो माझ्या माणसाला.

सात फूट रुंदीचं घर. एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला जाग येते अशा घरात त्यानं हे लपवलं होतं. जाळल्या असत्या तर वास आला असता. नुसत्या पाण्यात टाकल्या असत्या तर... तर बदकांनी खाल्ल्या असत्या. म्हणून बरणी. म्हणून घट्ट झाकण, म्हणून बुडायला नट. बदकांना काही होऊ नये एवढी काळजी त्यानं घेतली होती.

ती किती वेळ बसली होती कोण जाणे. बाहेर क्लेम दोर घेऊन उभा राहिला तेव्हा तिनं बरणी पदराखाली झाकावी तशी अंगरख्याखाली झाकली.

"पाणी सोडलंय," तो म्हणाला. "तासाभरात इथवर येईल." मग जायला वळला आणि वळल्या वळल्याच म्हणाला, "तुला सांगणार नव्हतो. पण आज तू बोललीस म्हणून सांगतो. पेग बोट विकतेय. पुढच्या हिवाळ्यात ती नाही."

"का?"

"म्हणते, टिटवीवरून जाताना इंजिन बंद करून जावंसं वाटतं. कोळशाच्या बोटीला असं वाटून कसं चालेल."

तो गेला. हेटी एकटी राहिली.

पाणी येत होतं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. पाणी येईल, गाळ झाकेल, उरलेल्या बरण्या झाकेल, आणि विल्फ जसा होता तसा राहील, बर्फानं नेलेला, बिनदोषाचा. हातातली बरणी खिडकीबाहेर टाकली की झालं. तिनं खिडकी उघडलीसुद्धा. खिडकीतून तिरकं पाहिलं तर डोमकावळ्याचा डेक दिसत होता. पेग अजूनही फावडं चालवत होती. एका बाजूचा कोळसा दुसऱ्या बाजूला. वाकायची, उचलायची, लोटायची. कुणी तिच्या मदतीला गेलं नव्हतं. सकाळच्या त्या एका वाक्यानंतर कोण जाणार.

हेटीनं विल्फचे मांड्यांपर्यंतचे रबरी बूट काढून पायांत चढवले. एकच बरणी दाखवली तर पेग म्हणेल, एखादे वेळी चुकून पडली असेल. सगळ्या हव्या होत्या.

उघडलेली बरणी खिशात घालून, काठावरून फळी लावून ती खाली उतरली. पहिलं पाऊल घोट्याइतकं, दुसरं पोटरीइतकं. गाळाला जुन्या पानांचा आणि तेलाचा वास होता. एक बरणी मिळाली. दुसरी मिळाली. तिसरी टिटवीच्या पोटाखाली होती, तिच्यासाठी वाकली आणि डावा पाय गुडघ्याच्या वर आत गेला. ओढला तर उजवा गेला. ती बरण्या छातीशी धरून उभी राहिली. वरच्या बाजूनं पाण्याची ती बारीक रेघ आता रेघ राहिली नव्हती. तिच्या बुटांभोवती ते हळूच, ओळखीच्या आवाजात थोपटायला लागलं होतं.

क्लेम लॉकपाशी गेला होता. बाकीचे आपापल्या दोरांशी, लांब. जवळ एकच माणूस होतं.

हेटीनं तोंड उघडलं. दोन हिवाळे ते नाव तिच्या तोंडात आलं नव्हतं.

"पेग," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "पेग, मी रुतलेय."

फावडं थांबलं. पेगनं बघितलं. क्षणभर ती तशीच उभी राहिली, आणि त्या क्षणात हेटीला वाटलं, नाही येणार, आणि नाही आली तर तिचं काही चुकणार नाही. मग पेगनं पोती उतरवायची लांब फळी खांद्यावर घेतली, काठानं धावत आली, फळी गाळावर टाकली आणि तिच्यावर पालथी पडून हात पुढे केला.

"त्या बरण्या टाक आधी. दोन्ही हात दे."

"टाकणार नाही."

"मुरंब्यासाठी मरतेस काय, बये?"

"मुरंबा नाही त्यात."

शेवटी पेगनं तिला काखेत हात घालून ओढलं. एक बूट गाळातच राहिला. दोघी काठावर येऊन पडल्या, एक गाळानं काळी, एक कोळशानं. हेटीनं खिशातली बरणी पुढे केली, झाकण उघडून. पेगनं आत बघितलं. नट बघितला. एक गोळी काढून तळहातावर घेतली, उलटी केली, चीर बघितली. ह्याच गोळ्या तिनं किती वेळा गावातून आणल्या होत्या.

तिचा चेहरा रागानं भरेल असं हेटीला वाटलं होतं. तसं झालं नाही. तो रिकामा झाला, सकाळच्या कालव्यासारखा.

"पुलापाशी अडकले तेव्हा," पेग सावकाश म्हणाली, "चालत आले असते तर पोचले असते. त्या दिवशी मी शेगडीपाशी बसून राहिले. पाय दुखत होते म्हणून. दोन वर्षं मी तेवढंच बघतेय डोळे मिटले की. ती शेगडी."

"चालत आली असतीस तरी त्या बरणीत गेल्या असत्या."

"तू म्हणालीस तेच मला खरं वाटायचं, हेटी."

पाणी आता गाळाच्या खळग्यांतून पसरत होतं.

पेगनं गोळी परत बरणीत टाकली. झाकण लावलं, घट्ट. मग उठून उभी राहिली आणि तिचा आवाज बदलला. "मला हे इथं, दोघींत नको. तू तेव्हा कुठे बोलली होतीस?"

"वाटेवर."

"कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग?"

पाणी चढलं तशी माणसं जवळ आली, आपापल्या दोरांना हात घालून. क्लेम लॉककडून धापा टाकत आला आणि हेटीचा अवतार बघून काहीतरी गंमत करणार होता, पण पेगच्या हातातली बरणी बघून थांबला. हेटी पायवाटेच्या मधोमध उभी राहिली. एका पायात बूट, एक पाय उघडा, अंगावरून गाळ ओघळतोय. आयुष्यभर जपलेल्या माणसाला आता ती सगळ्यांसमोर उघडं पाडणार होती.

"विल्फनं गोळ्या खाल्ल्या नव्हत्या," ती म्हणाली. "त्या पानगळीपासून एकही. बरणीत भरून बुडवल्या. पेग उशिरा आली म्हणून तो गेला नाही. मी म्हटलं होतं ते खोटं होतं. आज सकाळचंही."

क्लेमनं डोक्यावरची टोपी काढली, मग काय करावं न कळून परत घातली. कुणीतरी हळूच म्हणालं, विल्फ? आपला विल्फ?

तेवढ्यात गाळानं सोडल्याचा मोठा आवाज झाला आणि डोमकावळा सरळ झाली. मग क्लेमची बोट. मग पुढची. एकेक करून सगळ्या उठल्या, आणि ज्याचे त्याचे हात दोरांकडे धावले, कारण काहीही झालं तरी दोर सांभाळावेच लागतात. हेटीचा दोर पेगनं धरला. तिनं हेटीकडे बघितलं नाही. बोट विकणार की नाही हे तिनं सांगितलं नाही, आणि हेटीनं विचारलं नाही. दोर मात्र तिनं शेवटपर्यंत धरला, टिटवी डुलून, स्थिरावून, पूर्वीसारखी काठाला टेकेपर्यंत.

एक बरणी पेगनं जाताना उचलून नेली आणि डोमकावळ्याच्या छपरावर, पोत्यांच्या पुढे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. पिवळं झाकण, लाल गुलाब.

बाकीच्या हेटीनं आत नेल्या. चहा टाकला. किटली आता जागच्या जागी राहिली. खिडकीशी बसायचा तिला धीर होत नव्हता, पण बाहेरून कलकलाट ऐकू आला म्हणून तिनं ती उघडली. पाणी अजून गढूळ होतं, आणि पुरतं आलंही नव्हतं. तरी बदकं आली होती. खिडकीखाली गोळा होऊन, माना वाकड्या करून, वर बघत होती.

हेटीनं पाव हातात घेतला. तुकडा मोडला. आणि तो हातातच धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली.